गरवायला जाताना आधी काय बघायचं: भरती की वारा?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. इथे गळ घेऊन खाडीवर, खडपावर जाणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

हल्ली मोबाइलवरची अ‍ॅप्स चंद्राची कला बघून "आज उत्तम दिवस, पहाटे ५ ते ७" असं सांगून मोकळी होतात. मला ते पटत नाही. मोठा मासा कधी खातो हा प्रश्न नंतरचा. आधी बारीक मासळी कुठे आहे ते कळायला हवं. बोय, मुडदुशी, तारली, मांदेली, जवळा यांच्यामागेच जिताडा, तांबोशी, कोकर, रावस येतात. बारीक मासळीच्या अंगात पाण्याविरुद्ध फार वेळ पोहायचं बळ नसतं. पाणी नेईल तिकडे ती जाते.

माझं मत स्पष्ट आहे: भरती-ओहोटी हीच खरी गोष्ट, बाकी सगळं नंतर. मी रेवदंड्याला, कुंडलिकेच्या तोंडाशी जातो. पूर्ण भरतीला बोय खाजणात, तिवरांच्या मुळांपर्यंत शिरलेली असते. पाणी उतरायला लागलं की पहिला तासभर काही होत नाही. मग खाजणातल्या एकेका ओहळातून गढूळ पाणी बाहेर येऊ लागतं आणि त्याच्याबरोबर बोटभर बोयांचे थवे. हे गढूळ पाणी जिथे बाहेरच्या हिरवट पाण्याला भिडतं तिथे एक सरळ रेघ दिसते. जिताडा त्या रेघेच्या निवळ बाजूला उभा असतो. आमिष गढूळ बाजूला टाकून रेघेवरून ओढत आणलं तर घेतो. दोन हात इकडेतिकडे पडलं तर ढुंकूनही बघत नाही.

तर प्रश्न असा: वाऱ्याने यात किती फरक पडतो? भरती-ओहोटी जुळलेली असूनही वाऱ्याने सगळं पालटलं, असं कुणी पाहिलंय का?

आगरी_पोर

दादा, शंभर टक्के बरोबर. आमच्या घरी डोल होती, आजोबा उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) रात्री-बेरात्री जायचे आणि भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) जाळी विणत ओटीवर बसायचे. डोल एका जागी बांधलेली, पाण्याची ओढच तिच्यात मासा भरते. ओढ नाही तर जाळं नुसतं लोंबतं. जवळा, मांदेली, बोंबील, सगळं ओढीचं खाणं आहे. वारा कुठला आहे हे ते बघायचे ते होडी नीट परत यावी म्हणून, मासळीसाठी नाही.

देवबागकर

आमच्याकडे येवन बघा मां. कर्लीच्या संगमार सुकतीक गरी घातली तर मासो गावता, ह्या खरा. पण वारो भायरसून जोरात इलो आणि सुकतीचा पाणी त्येच्या सामने गेला काय थंय लाट उभी ऱ्हवता. बारको मासो थंय थांबणा नाय, आत पळता. भरती-सुकती काय ती पंचांगात असता, वारो कोण लिवन देतलो?

सुरय

+१ देवबागकर. वारा लिहून कोण देणार!

रापण_मालवण

खाडीकाठचा, तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो खाडीच्या तोंडाचा आहे. तोच निकष उघड्या पुळणीला लावू नका.

आमची रापण आहे, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, भावकीत वाटणी असलेली. तारली आणि बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागला तरच रापण ओढण्यात अर्थ. सकाळी आमचा एक माणूस उंचावरून पाणी बघतो. थवा असला की तेवढ्या पाण्याचा रंग काळपट-तांबूस दिसतो आणि वर बारीक चुण्या पडतात, आजूबाजूला पाणी काचेसारखं असलं तरी. हा थवा भरतीबरोबर आला आणि ओहोटीबरोबर गेला असं होत नाही. लागला तर तीन-चार दिवस त्याच पट्ट्यात असतो. गेला की उधाण असो नाहीतर भांग, पाण्यात काही नाही.

आमचे जाणते आजच्या वाऱ्यावरून काही बोलत नाहीत. गेले दोन-तीन दिवस वारा कुठून होता आणि तो कधी पडला, हे विचारतात. उत्तरेकडचा वारा सलग दोन-तीन दिवस जोरात वाहिला की थवा खोल जातो. वारा पडून एक रात्र मतलई वाहिली की दुसऱ्या सकाळी माणूस टेकडीवर चढतो.

भौतिकवाला

छान चाललंय. दोघेही बरोबर आहेत, कारण दोघांचा समुद्र वेगळा आहे.

मुंबईला मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. मालवण-गोव्याकडे तो साधारण दोन मीटरच असतो. उत्तरेला खंभातच्या आखातात तो दहा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे वसईपासून रेवदंड्यापर्यंत जेवढं पाणी दिवसातून दोनदा आतबाहेर होतं, त्याच्या निम्मंच देवबागला होतं. त्यामुळे उत्तर कोकणात पाण्याची ओढ वाऱ्यावर मात करते आणि दक्षिणेकडे वाऱ्याला जास्त वाव मिळतो.

दुसरी गोष्ट. वारा पृष्ठभागाचं पाणी स्वतःच्या वेगाच्या दोन-तीन टक्के वेगाने ढकलतो. ताशी २० किलोमीटर वाऱ्याने वरचं पाणी ताशी अर्धा किलोमीटर सरकतं असं धरा. खाडीच्या तोंडाशी उधाणाची धार ताशी चार-पाच किलोमीटर सहज असते, तिथे या अर्ध्या किलोमीटरला कोण विचारतो? पण भरती जे सहा तासांत आणते ते ओहोटी पुढच्या सहा तासांत परत नेते. वारा परत नेत नाही. तीन दिवस एकाच दिशेने वाहिला तर पाण्याचा वरचा थर, त्यातलं प्लवंग (तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि त्यावर जगणारी तारली, सगळं तीस-चाळीस किलोमीटर सरकलेलं असू शकतं. रापण_मालवण यांचे जाणते दोन-तीन दिवस मागचं विचारतात ते यासाठीच.

खाडीकाठचा

भौतिकवाला, हे फार उपयोगी. भरती परत नेते आणि वारा नेत नाही, हा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. पण मग खाडीतल्या माणसाने वारा सोडूनच द्यायचा का?

मिठागर

अजिबात सोडू नका. खाडीतही वाऱ्याकडची बाजू आणि आडोशाची बाजू असतेच.

मी ठाणे खाडीच्या कडेने आणि गोराईकडे जातो. दुपारी अकरा-बाराला खारा वारा सुटतो, तीन-चारला जोरावर येतो, सूर्य बुडाल्यावर पडतो. नोव्हेंबर ते मेपर्यंत हे घड्याळ लावल्यासारखं चालतं. ज्या काठावर हा वारा आदळतो तिथे संध्याकाळपर्यंत फेस, पानं, काड्या आणि त्यात जवळ्याची बारीक पिल्लं गोळा होतात. बोयी तोंड वर करून तो फेस चाटताना दिसतात, अगदी कडेला, घोटाभर पाण्यात. आडोशाचा काठ बसायला बरा, गळ फेकायला सोपा, आणि म्हणूनच सगळे तिकडे बसतात. मासा मात्र वारा अंगावर घेणाऱ्या काठाला असतो.

अट एकच: वारा त्या काठावर एक दुपारभर वाहिलेला असावा. सलग तीन दिवस झोडपत असला तर पाणी इतकं गढूळतं की बोयही बाजूला होते.

शाकाहारी_शंकर

मी मासे खात नाही, धरत नाही, पण हा धागा सकाळपासून तिसऱ्यांदा उघडलाय. चालू द्या.

आगरी_पोर

शंकरभाऊ, या एकदा रेवदंड्याला. गरी आम्ही धरू, पाणी तुम्ही बघा.

पक्षीवेडी

मी गळवाली नाही, पक्षी बघायला किनाऱ्यावर जाते. पण बारीक मासळी कुठे आहे हे तुमच्याआधी सुरय पक्ष्यांना कळतं, म्हणून लिहिते.

सुरय उंचावरून सरळ रेषेत जात असतील तर ते शोधात आहेत. त्यांच्यामागे धावू नका. त्यातला एखादा थबकला, चोच खाली करून जागच्या जागी पंख मारू लागला की खाली मासळी आहे. सूर मारतात तेव्हा ते पाण्यात फार खोल जात नाहीत, हातभर फार तर. म्हणजे मासळी वर आलेली आहे, आणि बहुतेक वेळा ती वर येते कारण खालून कुणीतरी तिला रेटतंय. कुरव पाण्यावर नुसते बसलेले असतील तर त्यावरून काही ठरवू नका, ते विश्रांतीलाही बसतात. कुरव हिवाळी पाहुणे, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतच भरपूर दिसतात.

वाऱ्याचा संबंध इथेही आहे. पहाटेच्या मतलईत पाणी सपाट असतं आणि सुरय लांबून दिसतात. दुपारी पांढऱ्या लाटा फुटायला लागल्या की त्यांनाही वरून मासा दिसत नाही. मग ते आडोशाला जातात आणि तुमच्या दृष्टीने चुकीच्या जागी दिसतात.

खाडीकाठचा

ताई, शेवटचा मुद्दा लाखमोलाचा आहे. दुपारचे सुरय बघून मी जागा बदलायचो. आता सकाळच्याच सुरयांवर विश्वास ठेवीन.

न्यूजर्सीकर

इकडची थोडी भर घालतो. मी अटलांटिकच्या काठी राहतो. आमच्याकडची बारीक मासळी म्हणजे बंकर, वितभर, तेलकट, तारलीच्या घराण्यातली. तिच्यामागे पट्ट्यांचा बास येतो.

उन्हाळ्यात इथे नैऋत्येचा वारा चार-पाच दिवस सलग वाहिला की हवा तापलेली असूनही पाणी एकदम गार पडतं, पाय घालवत नाही. वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात पाण्याचा वरचा थर वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर सरकतो. त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. बंकर त्या गार पाण्यात थांबत नाही. वारा पूर्वेकडे वळला की वरचं कोमट पाणी परत किनाऱ्याला लागतं आणि एक-दोन दिवसांत थवे दिसू लागतात. इथली भरती जेमतेम दीड मीटरची. म्हणजे रापण_मालवण यांच्याच पक्षाला माझं मत.

भौतिकवाला

न्यूजर्सीकर, अगदी हेच. आपल्याकडे खालचं थंड पाणी वर सरकण्याचा काळ पावसाळा. ते खालचं पाणी प्राणवायूला गरीब असतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोकण-गोव्याच्या उथळ समुद्रात तळाशी पसरलेलं असतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी यावर खूप काम केलंय. तळाच्या माशाला तिथे श्वास घेणं जड जातं, म्हणून तो वर आणि कडेला सरकतो. गणपतीनंतरच्या दिवसांत खडपावरून गळ टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोकणकडा

सगळं ठीक, पण हवेच्या दाबाचं काय? माझ्या घड्याळात दाब दिसतो. दाब उतरला की मासा खातो असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

भौतिकवाला

कोकणकडा, याचा हिशोब सोपा आहे. पाणी एक मीटर चढलं की तळाच्या माशावर सुमारे १०० हेक्टोपास्कल दाब वाढतो. मोठं वादळ आलं तरी हवेचा दाब एका दिवसात वीस-तीस हेक्टोपास्कलच्या पलीकडे क्वचितच हलतो, आणि नेहमीच्या दिवशी दोन-चार. मुंबईचा मासा उधाणाच्या प्रत्येक भरतीत ४०० हेक्टोपास्कलचा फरक सहन करतो. त्याला तुमच्या घड्याळातले तीन हेक्टोपास्कल कसे जाणवणार? दाब उतरतो तेव्हा वारा फिरतो आणि ढग येतात, ऊन कमी होतं. मासळी हलते ती या दोन गोष्टींनी.

कोकणकडा

पटलं. घड्याळ वेळ बघायला वापरतो.

तिवर

एक अडचण मांडते. वर सगळे उधाण-उधाण करताय. मी कृत्रिम आमिष वापरते, चमच्याचं नाहीतर प्लास्टिकच्या माशाचं. मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणाला पाणी चिखलाचं असतं, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. शिवाय उधाण काठावरचा सगळा कचरा, पिशव्या, दोर उचलून नेतं. दर फेकीला गळाला पिशवी. भांगाला ओढ कमी, पण पाणी निवळतं. मग कधी जायचं?

मिठागर

तिवरताई, मधले दिवस. उधाण उतरायला लागलेलं आणि भांग अजून आलेला नाही असे. ओढ पुरेशी असते आणि गाळ बसायला लागलेला असतो. जिवंत बोय किंवा कोळंबी लावणाऱ्याने उधाणाला जावं, मासा वासावर आणि हालचालीवर येतो. डोळ्याने घ्यायच्या आमिषाला निवळ पाणीच हवं.

सुरय

आणि उधाणालाही पूर्ण भरतीच्या आधीचा तास बघा. तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी तोंडापर्यंत आलेलं असतं.

आजोळ_गुहागर

पंचांगवाल्यांसाठी जुना ठोकताळा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दुपारची आणि रात्रीची दोन्ही याच हिशोबाने, कारण दोन भरत्यांत साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना चालतो.

रापण_मालवण

हा ठोकताळा मुंबई-रायगडचा. आमच्याकडे भरती पाऊण-एक तास आधी होते. लाट दक्षिणेकडून उत्तरेला सरकते ना. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टकं बघावीत, नाहीतर इन्कॉइसच्या (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राच्या) संकेतस्थळावर मिळते.

भौतिकवाला

आजोळ_गुहागर यांच्या ठोकताळ्यातून एक मोठी गोष्ट निघते, ती कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

मासळी पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त हलते, यावर इथे वाद नसावा. आता बघा. मुंबई-रायगडला उधाणाची पूर्ण भरती नेहमी दुपार-मध्यरात्रीच्या आसपास येते. म्हणजे उधाणाला पहाटे सहाला कायम पूर्ण ओहोटी, खाडी रिकामी, बारीक मासळी बाहेर. अष्टमीच्या भांगाला पहाटे सहाला कायम पूर्ण भरती, पाणी काठोकाठ आणि थबकलेलं. हे वर्षभर बदलत नाही.

खाडीकाठचा यांना हवी आहे उतरत्या पाण्याची पहाट, आणि तीही धार जोरात असताना. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा पाणी जातं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी बाहेर पडतं. हे दोन तास पहाटे साडेपाच ते साडेसातला यायचे तर पूर्ण भरती साडेतीनच्या सुमाराला हवी. चतुर्थी-पंचमी. आणि हे दिवस मिठागर म्हणतात तेच, उधाण उतरायला लागलेलं, भांग लांब.

आता त्यात वारा घाला. पहाटे मतलई जमिनीकडून समुद्राकडे वाहते, ओहोटीचं पाणीही तिकडेच चाललेलं. दोघं एका दिशेने, म्हणून तोंडाशी पाणी सपाट आणि ती गढूळ-निवळ रेघ लांबपर्यंत स्पष्ट. तीच ओहोटी दुपारी आली तर खारा वारा तिच्या तोंडावर. देवबागकरांनी सांगितलेली उभी लाट ती हीच.

खाडीकाठचा

माझ्या चांगल्या पहाटा आठवतोय तसतशा त्या सगळ्या चौथ-पंचमीच्याच आसपासच्या निघतायत. वहीत तारखा आहेत, तिथी लिहून काढतो.

देवबागकर

भौतिकवालो आमच्या म्हाताऱ्यावारी बोललो!

घाटावरची

थोडं अवांतर: पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे मासे, वलगणीचे, तेही याच हिशोबात येतात का? आमच्याकडे भोरला शेतात मासे येतात.

आजोळ_गुहागर

नाही हो. ते गोड्या पाण्यातले मासे, पहिल्या पुराच्या पाण्याच्या वासाने अंडी घालायला उलटे चढतात. भरतीशी संबंध नाही. आणि ते पोटात अंडी घेऊन निघालेले असतात, तेव्हा त्यांना जाऊ द्यावं. चढणीचे मासे टोपलीने धरून चार वर्षांत ओढा रिकामा झालेला मी पाहिलाय.

रापण_मालवण

आजोळ, अगदी बरोबर. आणि समुद्रातही तेच चाललंय. तुम्ही वारा-भरती कितीही अचूक काढा, बाहेर रात्री दिवे लावून अख्खा थवा उचलला तर किनाऱ्याला काय लागणार? एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ सालीच बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर उजेड दिसतो. दिव्याखाली तारली-बांगडा लहान-मोठा न बघता गोळा होतो. मग पुढच्या सकाळी टेकडीवर चढलेला आमचा माणूस हात हलवत खाली येतो. हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आगरी_पोर

काका, आमच्याकडेही तीच गत. यावर वेगळा धागा काढा, सगळे लिहितील.

सुरय

फेसाच्या रेघांबद्दल कुणी बोललं नाही. होडीतून जाणाऱ्यांसाठी सांगतो. मध्यम वाऱ्यात समुद्रावर वाऱ्याच्याच दिशेने लांबलचक समांतर रेघा पडतात, दोन रेघांत थोडं थोडं अंतर. अर्व्हिंग लँगम्यूर या शास्त्रज्ञांनी १९२७ साली अटलांटिक ओलांडताना शेवाळाच्या अशा रांगा बघितल्या आणि १९३८ साली त्यांचं कारण मांडलं. वाऱ्यामुळे पाणी लांब आडव्या लोळ्यांत फिरतं. दोन लोळे जिथे एकमेकांकडे येऊन खाली बुडतात तिथे तरंगणारं सगळं अडकतं. प्लवंग तिथे, जवळा तिथे, टोळ तिथे, आणि टोळाखाली सुरमई. रेघेला काटकोनात होडी न नेता रेघेच्या कडेकडेने न्यावी.

मिठागर

सुरय, हे उत्तम. भरतीच्या कडेला पडणाऱ्या रेघेपासून ही वेगळी ओळखायची कशी?

सुरय

वाऱ्याच्या रेघा अनेक आणि समांतर. भरतीची रेघ एकच, वाकडीतिकडी, आणि तिच्या दोन बाजूंना पाण्याचा रंग वेगळा. भरतीची रेघ दर तासाला जागा बदलते, म्हणून तिच्यावर नजर ठेवावी लागते.

तिवर

खडपावर जाणाऱ्यांना विनंती. वारा नाही, समुद्र शांत, म्हणून कडेच्या कातळावर उतरू नका. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे शमाल वारे सुटले की त्यांच्या लाटा इथे काही वारा नसतानाही येऊन पोचतात. दहा-पंधरा मिनिटं काही नाही आणि मग एकदम तीन मोठ्या. आमच्या ओळखीतला एक तरणा मुलगा असाच गेला. इन्कॉइस उंच लाटांचा इशारा आधी देतं, तो बघा. तरंगजाकीट घाला. ओला कातळ दिसला तर त्याच्या वरच्या कोरड्या पायरीवर उभे राहा, गळ थोडा लांब फेकावा लागला तरी.

खाडीकाठचा

तिवरताई, हे धाग्याच्या वरच असायला हवं होतं.

मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत बदललं आहे, अर्धं तरी. खाडीच्या तोंडाशी कुठल्या तासाला उभं राहायचं ते मी पाण्यावरून ठरवीन. पण त्या दिवशी घरातून निघायचं की नाही, आणि निघालो तर कुठल्या काठाला जायचं, ते मागच्या दोन-तीन दिवसांच्या वाऱ्यावरून. वहीत आता तिथीशेजारी वाऱ्याचाही रकाना केलाय, आजचा, कालचा आणि परवाचा.

येत्या पंचमीला पहाटे रेवदंड्याला जातोय. जिवंत बोय तिथेच पकडायची आहे. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, कुठला आणू? बाजारात मिळाला त्याचा आस (जाळ्याचं भोक) फार बारीक वाटतो.

आगरी_पोर

बारीक आसाचा नको, नुसती पिल्लं आणि चिखल येतो. करंगळी जेमतेम जाईल एवढा आस घ्या, बोटभर बोय अडकते आणि त्याहून लहान निसटते. शिसं भारी असलेला बघा, धारेत लवकर बसतो. ओहळाच्या तोंडाला पाग टाकू नका, तिथला थवा बिथरला की जिताडाही हलतो. शंभर पावलं आत, वळणावर टाका. बोय बादलीत ठेवाल तर पाणी दर पंधरा मिनिटांनी बदला, आणि एका बादलीत सहा-सातपेक्षा जास्त नको. मीही येतोय त्या दिवशी, जेट्टीपाशी पाचला भेटू.